पहिला विंचू पाळताना: पेटी, माती, खाणं आणि हात लांब ठेवण्याची शिस्त

विंचू पाळणं फार खर्चाचं काम नाही आणि वेळखाऊही नाही. छोट्या फिश टँकएवढी जागा पुरते, आवाज नसतो, वास जवळजवळ नसतो. तरीही नवख्या माणसाकडचा पहिला विंचू पुष्कळदा लवकर दगावतो. कारण शोधायला गेलं की बहुतेक वेळा एकच निघतं: विंचू आधी घरी आला आणि पेटीचा विचार नंतर झाला. माती कोरडी राहते, हीट मॅट (पेटीला ऊब देणारी विजेची चटई) चुकीच्या जागी लागते, कात टाकायच्या दिवसांत रातकिडे तसेच पेटीत राहतात. म्हणून माझा आग्रह आहे की पेटी आठ-दहा दिवस रिकामी चालवून बघा, ओलावा आणि तापमान स्थिर झालं की मगच विंचू आणा.

आणखी एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करा. विंचू हा बघायचा प्राणी आहे. तो माणसाळत नाही, तुम्हाला ओळखत नाही, हातावर फिरवल्याने त्याला काही सुख मिळत नाही. दिवसभर बिळात बसेल, रात्री दिवे गेल्यावर बिळाच्या तोंडाशी येऊन तासन् तास निश्चल उभा राहील. हे बघण्यात ज्याला रस आहे त्यानेच पुढे वाचावं. घरात रांगतं मूल असेल किंवा कोणाला मधमाशी-गांधीलमाशीच्या डंखाची तीव्र अॅलर्जी असेल, तर हा छंद पुढे ढकला.

कायदा कुठे काय म्हणतो

हा लेख मुख्यतः परदेशात राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी आहे, कारण दुकानातून रीतसर विंचू विकत घेण्याची सोय तिथे आहे. ब्रिटनमध्ये १९७६ च्या धोकादायक वन्यप्राणी कायद्याखाली ब्यूथिडी या कुळातल्या, म्हणजे बहुतेक जहाल विषाच्या विंचवांचं जे कुळ आहे त्यातल्या, विंचवांसाठी स्थानिक कौन्सिलचा परवाना लागतो. खाली सुचवलेला आशियाई जंगली विंचू त्या कुळातला नाही. जर्मनीत नियम राज्यागणिक बदलतात. अमेरिकेत राज्य, काही ठिकाणी शहर, आणि भाड्याच्या घरात राहत असाल तर घरमालकाशी केलेला करार, असं तिन्ही बघावं लागतं. ऑस्ट्रेलियात परदेशी विंचू ठेवता येत नाहीत. तिथले लोक तिथलेच देशी विंचू पाळतात.

भारतात राहणाऱ्यांसाठी माझा सल्ला स्पष्ट आहे: पाळू नका. दुकानांत सर्वांत प्रसिद्ध असलेला एम्परर विंचू पश्चिम आफ्रिकेतल्या घाना, टोगो, बेनिन या भागातला. बेसुमार पकडल्यामुळे १९९५ पासून तो साइट्स कराराच्या, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे. आपल्याकडे २०२२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्यात दुरुस्ती झाली आणि साइट्समधल्या परदेशी प्राण्यांच्या मालकीची नोंद करणं बंधनकारक झालं. २०२४ पासून ही नोंद केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर होते. कागदपत्रांशिवाय कुरियरने विंचू मागवणारा माणूस तस्करीला पैसे पुरवत असतो.

आणि शेताच्या बांधावर किंवा सड्यावर सापडलेला विंचू डब्यात घालून आणायचा विचार तर मुळीच नको. कोकणातला लाल विंचू, शास्त्रीय नाव हॉटेंटोटा टॅम्युलस, हा जगातल्या सर्वांत घातक विंचवांपैकी एक आहे. त्याच्या विषाने दरदरून घाम फुटतो, उलट्या होतात, हातपाय गार पडतात, आणि पुढे फुफ्फुसांत पाणी भरून माणूस दगावू शकतो. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी प्रॅझोसिन हे रक्तदाबाचं औषध या रुग्णांना देऊन मृत्यूचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून १ टक्क्याच्या आसपास आणलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्याकडे येणारे रुग्ण भातशेतीत, गवताच्या भाऱ्यात, जांभा दगड उचलताना विंचू चावलेले होते. अशा विंचवाला हौसेपायी घरात आणून ठेवण्याचं काहीही समर्थन होऊ शकत नाही.

महाराष्ट्रात विंचू बघायचेच असतील तर पावसाळ्याच्या तोंडावर जाणकार माणसाबरोबर, पायात उंच बूट घालून, यूव्ही टॉर्च घेऊन रात्री बाहेर पडा. त्या प्रकाशात विंचवाचं कवच हिरवट-निळं चमकतं आणि चार-पाच हातांवरूनही दिसतं. दगड उलथवू नका, लांबूनच बघा.

कोणता विंचू

पहिल्यासाठी मी आशियाई जंगली विंचू सुचवतो. थायलंड, व्हिएतनाम, मलेशिया या भागातला हा काळाकुळकुळीत, भरदार चिमट्यांचा प्राणी १० ते १२ सेंटिमीटरपर्यंत वाढतो. आपल्याकडच्या इंगळीचा हा जवळचा भाऊबंद आहे. २०२० पर्यंत दोघेही हेटेरोमेट्रस या एकाच प्रजातीगटात मोजले जात. मग अभ्यासकांनी तो गट फोडला आणि आपल्या भागातल्यांसाठी डेक्कनोमेट्रस, सह्याद्रीमेट्रस असे वेगळे गट केले. गावाकडे इंगळी पाहिलेल्या माणसाला हा विंचू पाहताक्षणी ओळखीचा वाटेल.

एम्पररही चांगला आहे, स्वभावाने थोडा शांत, आकाराने मोठा. पण पेटीतच जन्मलेला असल्याचा पुरावा मिळाला तरच घ्या. दोघांतला फरक चिमट्यांवरून कळतो: एम्पररचे चिमटे तांबूस आणि खरखरीत दाणेदार, आशियाईचे काळे आणि गुळगुळीत.

एक ठोकताळा लक्षात ठेवा. जाड चिमटे आणि बारीक शेपटी असलेला विंचू भक्ष्य चिमट्यांनी चिरडतो, त्याचं विष साधारण सौम्य असतं. नाजूक चिमटे आणि जाड शेपटी असलेला नांगीवर जगतो. अपवाद आहेत, त्यामुळे एवढ्यावर विसंबून अनोळखी विंचू घेऊ नका. अँड्रोक्टोनस, लेयुरस, पॅराब्यूथस ही जहाल विषाच्या विंचवांची नावं यादीत दिसली की पान उलटा, विक्रेता कितीही गोड बोलला तरी.

पेटी आणि माती

एका मोठ्या विंचवासाठी ४५ × ३० × ३० सेंटिमीटरची काचेची पेटी पुरते. त्याहून खूप मोठी पेटी घेतली तर ओलावा राखणं अवघड जातं आणि नवख्याला विंचू दिसतही नाही. झाकण घट्ट बसणारं आणि शक्य तर कुलपाचं हवं. विंचवाला गुळगुळीत काच चढता येत नाही, हे खरं. पण कोपऱ्यातल्या सिलिकॉनच्या पट्टीवर तो पाय रोवतो, शेपटीच्या आधाराने उंच होतो, आणि हीट मॅटची वायर आत सोडली असेल तर ती त्याची शिडी होते. वायर बाहेरूनच फिरवा. हवेसाठी दोन समोरासमोरच्या बाजूंना जाळी असेल तर उत्तम. फक्त वरून जाळी असेल तर ओल उडून जाते, आणि हवा कोंडली तर बुरशी धरते.

आता माती. सगळ्यात जास्त लक्ष इथे द्या, कारण जंगली विंचवाचं अर्धं आयुष्य मातीच्या आत जातं. नारळाच्या काथ्याचा भुसा, म्हणजे कोकोपीट, आणि खत-कीटकनाशक नसलेली साधी बागेची माती निम्मी निम्मी मिसळा. नुसतं कोकोपीट भुसभुशीत राहतं आणि बीळ ढासळतं. माती मिसळली की भिंती टिकतात. थर किमान १२ ते १५ सेंटिमीटर हवा. रंगीत रेती, लाकडाचा भुसा, देवदाराचे तुकडे यांतलं काहीही नको.

ओल किती हवी हे हातानेच कळतं. मूठभर माती घट्ट आवळा. लाडूसारखी वळली पाहिजे, पण बोटांतून पाणी गळता कामा नये. गळलं तर पसरून तासभर वाळू द्या. पेटीत भरताना खालचा थर थोडा जास्त दाबा. पुढे पाणी घालायचं ते वरून फवारण्यापेक्षा एका कोपऱ्यातून, काचेच्या कडेने हळूहळू ओता, म्हणजे ते तळाशी मुरतं. वरचा अर्धा इंच कोरडा दिसला तरी चालतं. विंचू खाली-वर करून स्वतःला हवी ती ओल निवडतो, आणि ही निवड त्याला देणं हेच मातीच्या जाड थराचं काम आहे. हवेतला दमटपणा ७० ते ८० टक्क्यांच्या आसपास ठेवा. काचेवर सतत पाण्याचे थेंब दिसत असतील तर ओल जास्त झाली. हवा खेळू द्या, नाहीतर विंचवाच्या अंगावर काळपट बुरशीचे डाग पडू लागतात आणि ते बरे करणं कठीण असतं.

लपायला कॉर्कच्या सालीचा अर्धगोल तुकडा किंवा उभा चिरलेला मातीचा कुंडा ठेवा. तो नुसता मातीवर ठेवू नका, थोडा तिरका करून एक कड खाली रोवा आणि आत बोटाने दोन-तीन इंचांचा बोगदा सुरू करून द्या. पुढचं काम विंचू करतो. जड दगड मातीवर ठेवू नका. खालून खणलं की तो कोसळतो. दगड हवाच असेल तर थेट पेटीच्या तळावर टेकवा आणि भोवतीने माती भरा.

पाण्याला उथळ झाकण पुरतं. पिल्लू असेल तर त्यात दोन-चार खडे टाका. विंचवाची फुफ्फुसं पोटाखाली असतात, चार जोड्या, आणि तो पाण्यात उलटला तर त्याला बाहेर यायला काहीतरी पकडायला हवं. पाण्यात स्पंज ठेवायची जुनी पद्धत आहे, ती सोडा. स्पंज दोन दिवसांत घाण होतो.

ऊब आणि अंधार

२४ ते २९ अंश सेल्सिअस तापमान योग्य. ब्रिटन-जर्मनीतल्या हिवाळ्यात हीट मॅट लागेल, उन्हाळ्यात बहुधा नाही. मॅट पेटीच्या खाली लावू नका. जंगलात उकडलं की विंचू खाली खणत जातो, कारण खाली गारवा असतो. मॅट तळाशी असेल तर पळून जाण्यासाठी तो जितका खाली जाईल तितका जास्त तापेल. मॅट मागच्या किंवा बाजूच्या काचेला बाहेरून लावा, भिंतीच्या एक तृतीयांश भागाएवढी, आणि थर्मोस्टॅटशिवाय कधीही चालू करू नका. एक बाजू ऊबदार, दुसरी थोडी गार.

दिव्याची गरज नाही. खोलीतला दिवस-रात्रीचा उजेड पुरे. पेटी खिडकीतल्या उन्हात ठेवू नका. काचेची पेटी उन्हात अर्ध्या तासात भट्टी होते. यूव्ही टॉर्चने विंचू चमकताना बघायचा मोह सगळ्यांना होतो आणि खरोखर बघण्यासारखं दृश्य आहे, पण मिनिटभर बघा आणि बंद करा. तो प्रकाश त्याला त्रासदायक वाटतो, लगेच आडोसा शोधतो.

घरात झुरळांचे, मुंग्यांचे फवारे, डास मारायची लिक्विड मशीन, कुत्र्या-मांजराच्या पिसवांचं औषध, यांचा विंचवाशी संबंध येऊ देऊ नका. ही औषधं सांधेपायांच्या प्राण्यांना मारायलाच बनवलेली असतात आणि विंचू त्यांचाच नातलग आहे. मांजराच्या मानेवर औषध लावलं आणि त्याच हाताने पेटीतलं पाणी बदललं, एवढ्यानेही घात होऊ शकतो.

विकत घेताना

विक्रेत्याला पहिला प्रश्न विचारा: पेटीत जन्मलेला की जंगलातून पकडलेला? जर्मनीतल्या हाम शहरात भरतात तसल्या मोठ्या प्राणी-मेळ्यांत पैदास करणारे थेट भेटतात, त्यांच्याकडून घेणं सर्वांत चांगलं. दुकानात ‘स्पिनिफर’ (आशियाई जंगली विंचवांतल्या एका प्रजातीचं नाव) अशी पाटी असली तरी प्रजात तीच असेल असं धरून चालू नका. जंगली आशियाई विंचू बऱ्याचदा याच नावाने सरसकट विकले जातात.

मग विंचू नीट बघा. आठही पाय आणि दोन्ही चिमटे शाबूत हवेत, नांगीचं टोक तुटलेलं नको. पोट भरलेलं हवं; पाठीवरची कवचं एकमेकांवर चढून सपाट झाली असतील तर तो तहानलेला आहे. पायांच्या सांध्यांत आणि तोंडाभोवती पांढरे बारीक ठिपके दिसले तर ते माइट, म्हणजे गोचिडाच्या जातीचे सूक्ष्म जीव. असा विंचू घेऊ नका. फोर्सेप्सने हलकंच डिवचल्यावर त्याने चिमटे उचलून पवित्रा घ्यायला हवा. ढिम्म पडून राहिला तर तो शांत स्वभावाचा नाही, आजारी आहे.

घरी आणल्यावर डबा पेटीत ठेवून झाकण काढा आणि त्याला आपणहून बाहेर येऊ द्या. पहिला आठवडा खाणं देऊ नका, फक्त पाणी. विंचू एकच ठेवा. एम्परर कुटुंबाने राहतात हे खरं असलं तरी आशियाई विंचू एकमेकांना खातात आणि नवख्याला भांडणाची सुरुवात ओळखता येत नाही.

खाणं

रातकिडे, डुबिया झुरळं, अधूनमधून मीलवर्म. मोठ्या विंचवाला ७ ते १० दिवसांतून एक-दोन रातकिडे, वाढत्या पिल्लाला आठवड्यातून दोनदा लहान किडे. किडा विंचवाच्या धडाहून मोठा नसावा. बागेत पकडलेले टोळ-किडे देऊ नका, त्यांच्यावर फवारणीचं औषध असू शकतं. किड्यांना आदल्या दिवशी गाजर, पालेभाजी, ओट्स खाऊ घाला, ते सगळं पुढे विंचवाच्या पोटात जातं.

संध्याकाळी, उजेड मंदावल्यावर किडा सोडा आणि बघत बसा. विंचवाची नजर कमजोर असते. रातकिडा चालला की जमिनीतून जाणारी थरथर तो पायांनी टिपतो आणि चिमट्यांवरच्या बारीक केसांनी हवेची हालचाल ओळखतो. आधी काहीच होत नाही. मग चिमटे किंचित उघडतात, अंग अर्धा सेंटिमीटर पुढे सरकतं. रातकिडा एका पावलाच्या टप्प्यात आला की झडप इतकी जलद असते की ती डोळ्यांनी नीट दिसतही नाही. नांगी बहुधा वापरली जात नाही. मग तोंडाजवळचे दोन छोटे चावणारे अवयव आलटून पालटून काम करू लागतात. विंचू घन अन्न गिळत नाही. पाचक रस सोडून भक्ष्य बाहेरच विरघळवतो आणि शोषून घेतो. याला तासन् तास लागतात. सकाळी एक चोथ्याची गोळी उरते, ती फोर्सेप्सने काढून टाका, नाहीतर माइट येतात.

२४ तासांत न खाल्लेला किडा बाहेर काढा. दोन-तीन आठवडे खाल्लं नाही तरी घाबरू नका. पोट भरलेलं असेल तर मोठा विंचू महिना-दीड महिनाही सहज काढतो. पाणी मात्र कायम हवं.

मातीत स्प्रिंगटेल, म्हणजे मातीत राहणारे इवलेसे जीव, सोडले तर बुरशी आणि उष्टं तेच साफ करतात. आठवड्यातून एकदा फोर्सेप्सने दिसेल तो कचरा काढायचा, पूर्ण माती वर्षातून एकदा बदलायची.

कात

पिल्लू असताना घेतलं असेल तर ते मोठं होईपर्यंत सहा-सात वेळा कात टाकतं. पूर्ण वाढलेला विंचू बहुधा पुन्हा कात टाकत नाही. कात जवळ आली की तो सुस्तावतो, खाणं सोडतो, फुगीर आणि निस्तेज दिसतो. या काळात ओल थोडी वाढवा आणि पेटीत एकही जिवंत किडा ठेवू नका. कात टाकणाऱ्या मऊ विंचवाला रातकिडा कुरतडून मारू शकतो. कवच पुढून, तोंडाच्या कडेने फाटतं आणि विंचू त्यातून सरकत बाहेर येतो, आधी चिमटे आणि पाय, शेवटी शेपटी. मदत करायला जाऊ नका. ओढलेला पाय तुटतो. बाहेर आलेला विंचू फिका आणि लिबलिबीत असतो, यूव्हीखाली चमकतही नाही. कवच घट्ट होत जाईल तशी चमक परत येते. टाकलेली कात मात्र वर्षानुवर्षं चमकते, ती जपून ठेवा. आठवडाभराने खाणं सुरू करा.

हलवणं आणि डंख

विंचू हलवायचा असेल तर पारदर्शक डबा त्याच्यापुढे आडवा धरा आणि मऊ ब्रशने मागून हलकं ढकला. आत गेला की झाकण लावा. पेटीत हात घालायचा असेल तर आधी विंचू कुठे आहे ते डोळ्यांनी बघा, ‘बिळातच असेल’ असं गृहीत धरू नका. काम २५ ते ३० सेंटिमीटर लांब फोर्सेप्सने करा. हातावर घेऊ नका. यात धोका माणसाइतकाच विंचवाला आहे: कमरेच्या उंचीवरून पडला तर त्याचं पोट फुटू शकतं.

आशियाई विंचवाचा डंख साधारण मधमाशीसारखा दुखतो, चिमटा मात्र रक्त काढू शकतो. जागा साबण-पाण्याने धुवा, बर्फ कापडात गुंडाळून लावा, अंगठी-बांगडी काढून ठेवा. घट्ट बांधणं, कापणं, चोखणं यांतलं काही करू नका. चेहरा सुजणं, श्वास लागणं, अंगभर गांधी येणं, चक्कर, उलट्या यांपैकी काहीही दिसलं तर लगेच रुग्णवाहिका बोलवा. पेटीवर विंचवाचं शास्त्रीय नाव मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा, डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतील.

पिल्लं झाली तर

जंगलातून पकडलेली मादी पुष्कळदा गाभण असते आणि गर्भकाळ कित्येक महिन्यांचा असल्याने तुमच्याकडे आल्यावर सहा-आठ महिन्यांनीही विते. अंडी नाहीत, थेट पांढरीशुभ्र पिल्लं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर ही आपली म्हण तेव्हा डोळ्यांसमोर दिसते: पहिली कात टाकेपर्यंत सगळी पिल्लं आईच्या पाठीवर दाटीवाटीने बसून असतात. या दिवसांत पेटी हलवू नका, झाकण कमीत कमी उघडा, पाणी तेवढं बघा. बिथरलेली आई पिल्लं खाऊन टाकते. पिल्लं पाठीवरून उतरून स्वतंत्र फिरू लागली की हळूहळू वेगळ्या डब्यांत काढा, आणि एवढी पिल्लं कोण घेणार याचा विचार ती आईच्या पाठीवर असतानाच सुरू करा.

भारतात सुट्टीला जाताना

महिनाभरासाठी घरी जायचं असेल तर निघण्याच्या चार-पाच दिवस आधी पोटभर खायला द्या, उरलेले किडे काढा, तळाशी पाणी मुरवा, पाण्याचं भांडं मोठं ठेवा आणि थर्मोस्टॅट तपासा. कोणीतरी आठवड्यातून एकदा येऊन पाणी आणि तापमान बघेल अशी सोय करा. झाकणाला कुलूप लावा. पाणी झाकण न उघडता, झाकणाच्या छोट्या खिडकीतून लांब नळीच्या बाटलीने भरता येईल असं भांडं कोपऱ्यात ठेवा. येणाऱ्याला झाकणाची किल्ली देऊ नका आणि खाणं घालायला सांगू नका.

नीट ठेवला तर हा विंचू ५ ते ८ वर्षं जगतो. मध्येच नोकरी बदलली, देश बदलला, तर त्याला सुटकेसमधून न्यायचा प्रयत्न करू नका आणि बागेतही सोडू नका. युरोपच्या थंडीत तो मरेल, आणि गरम भागात सोडला तर तिथल्या प्राण्यांच्या मुळावर येऊ शकतो. ज्याच्याकडून घेतला त्या पैदासकाराला फोन करा. पेटी आणि मातीसकट दिला तर चांगले लोक बहुधा परत घेतात.